बाप कोठडीत, पोरं लढाईत : ‘फॉलिंग स्काईज’मधलं ओलिसांचं गणित

‘फॉलिंग स्काईज’ ही विज्ञानमालिका कुणी चौथ्या पर्वापासून बघायला घेतली, तर पहिल्याच भागात त्याचं डोकं गरगरतं. टॉम मेसन नावाचा माणूस एकांतकोठडीत आहे. थोरला मुलगा हॅल त्याच कुंपणाच्या आत, पण बापापासून वेगळा. मधला बेन दूर कुठेतरी, जिथे लोक एका मुलीला जवळजवळ देवी मानतात. धाकटा मॅट गणवेश घालून शत्रूच्या शाळेत बसलाय. आणि ती ‘देवी’ मुलगी याच टॉमची लेक आहे. मग टॉम रात्री तोंडावर फडकं बांधून कोठडीतून बाहेर पडतो, शत्रूवर हल्ला करतो आणि पहाट व्हायच्या आत परत कोठडीत येऊन बसतो! पळून का जात नाही? शत्रूही त्याला मारून मोकळा का होत नाही?

या प्रश्नांची उत्तरं मालिकेत आहेत, पण बावन्न भागांत विखुरलेली. शिवाय ती नुसती कथानकातली गंमत नाहीत. एखाद्या प्रदेशाचा ताबा घेणारी सत्ता माणसांच्या घरादाराचा हत्यारासारखा कसा वापर करते, याचं बऱ्यापैकी नेमकं चित्र या मालिकेत आहे. ते जरा उलगडून बघू. कथानक उघड होणार, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी पात्रं आणि पक्ष

मालिका अमेरिकेतल्या टीएनटी वाहिनीवर १९ जून २०११ला सुरू झाली आणि ३० ऑगस्ट २०१५ला संपली. पर्वं पाच. निर्माता रॉबर्ट रोडॅट, ज्यानं ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ची पटकथा लिहिली होती. कार्यकारी निर्मात्यांत स्टीव्हन स्पीलबर्ग. नोआ वायलीनं साकारलेला टॉम मेसन हा बॉस्टन विद्यापीठातला इतिहासाचा प्राध्यापक. परग्रहवासीयांनी हल्ला करून सहा महिने झालेत आणि बायको रिबेका त्यात गेलीय, इथून गोष्ट सुरू होते. जगलेवाचलेल्यांनी ‘सेकंड मॅसॅच्युसेट्स’ नावाची पलटण उभी केलीय. त्यात काही बंदूकवाले, बाकी बायका, म्हातारी माणसं, लेकरं. प्रमुख कॅप्टन वीव्हर हा फौजेतला माणूस, आणि टॉम त्याचा दुय्यम.

शत्रूच्या बाजूला उतरंड आहे. सहा पायांचे ‘स्किटर’ हे प्यादे. त्यांच्यासोबत ‘मेक’ नावाची दोन पायांवर चालणारी लढाऊ यंत्रं. आणि या सगळ्यांच्या वर उंच, किडकिडीत ‘एस्फेनी’, म्हणजे खरे मालक. पहिल्या पर्वाच्या सुरुवातीला एस्फेनींचा पत्ता कुणालाच नसतो. तेव्हा एका पात्राला साधा प्रश्न पडतो : सहा पायांच्या प्राण्यांनी यंत्रं दोन पायांची का बनवावीत? म्हणजे बनवणारा कुणी वेगळाच असणार. मला हा मालिकेतला सगळ्यात हुशार धागा वाटतो, कारण समोर उभ्या असलेल्या शिपायावरून पडद्यामागच्या धन्याचा माग त्यात काढलाय.

राहिला ‘हार्नेस’. पाठीच्या कण्यावर बसवलेला, अर्धा जिवंत अर्धा यांत्रिक असा पट्टा. तो फक्त मुलांना बसवतात, साधारण आठ ते अठरा वयाच्या. पट्टा बसला की मूल निमूटपणे काम करतं, बापाकडे बघूनही त्याला ओळख लागत नाही. बेनला पहिल्या पर्वाच्या आधीच असा पट्टा बसलेला असतो.

ओलीस म्हणजे तारण

ओलीस धरण्यामागचा हिशेब सावकाराकडच्या तारणासारखा आहे. दागिना गहाण ठेवून घेतला की सावकार तो वितळवत नाही, कारण त्याची सगळी किंमत दुसऱ्याला तो परत हवा असण्यात आहे. वितळवला, की कर्जदाराला पैसे आणून द्यायचं कारणच उरत नाही. आणि कर्जदारानंच ‘ठेव बाबा तुझ्याकडेच’ म्हणून पाठ फिरवली, तर सावकाराच्या हातात धातूचा तुकडा तेवढा राहतो. ओलीस धरणाऱ्याची सगळी भिस्त अशी समोरच्याच्या मायेवर असते.

मराठी वाचकाला हा हिशेब चांगलाच ओळखीचा आहे. १६४८ साली जिंजीच्या छावणीत आदिलशाहीनं शहाजीराजांना कैद केलं, तेव्हा दोन्ही मुलगे मोकळे होते आणि बाप कैदेत आहे म्हणून गप्प बसले नव्हते. आदिलशाही सरदार फत्तेखानाला शिवाजीमहाराजांकडून पुरंदरच्या लढाईत मार खावा लागला. तिकडे महाराजांचा मोगल शाहजादा मुरादबक्षाशी पत्रव्यवहारही चालू झाला. शेवटी १६४९मध्ये कोंढाणा आणि बंगळूर सोडून देण्याच्या बोलीवर शहाजीराजे सुटले. म्हणजे मुलांनी लढणं आणि देवघेव करणं ही दोन्ही कामं एकाच वेळी केली. पण तिथे देवघेवीला जागा होती. दोन्ही पक्षांना उद्याही एकमेकांशी व्यवहार करायचा होता.

‘फॉलिंग स्काईज’मधला पेच इथेच वेगळा होतो. एस्फेनींना माणसांकडून किल्ला नको, खंडणी नको. त्यांना पृथ्वी हवी आणि कामाला हात हवेत. त्यामुळे त्यांच्या ताब्यातलं माणूस परत मिळवायला तुमच्याकडे देण्यासारखं काहीच नसतं.

पण एवढ्या प्रगत परग्रहवासीयांना माणसांची मुलंच कशाला हवीत?

हा आक्षेप अगदी रास्त आहे. जे तारे ओलांडून येतात, त्यांना भंगार गोळा करायला शाळकरी पोरं लागावीत?

उत्तर मालिका हप्त्याहप्त्यानं देते. आधी वाटतं, मुलं म्हणजे स्वस्त मजूर. मग पलटणीतली डॉक्टर अ‍ॅन ग्लास एका मेलेल्या स्किटरची चिरफाड करते, तर त्याच्या शरीरात खोल रुतलेला हार्नेस सापडतो. स्किटर मुळात स्किटर नव्हतेच! तेही कुठल्यातरी दुसऱ्या ग्रहावरचे जीव, त्यांनाही कधीतरी असाच पट्टा बसवला गेला आणि हळूहळू ते असे झाले. पृथ्वीवरच्या मुलांचंही तेच व्हायचंय. आज मजूर, उद्या पुढच्या ग्रहावर चाल करून जाणारे शिपाई. परक्या भूमीवरून फौज आणण्यापेक्षा जिंकलेल्यांचीच फौज बनवायची, ही जुनी साम्राज्यशाही रीत आहे. ऑटोमन साम्राज्यात बाल्कन प्रदेशातल्या ख्रिस्ती घरांमधून मुलगे उचलून त्यांचे जॅनिसरी शिपाई घडवत, ती याच जातीची व्यवस्था.

हार्नेसची कल्पना जीवशास्त्राला फार सोडून नाही. कॉर्डिसेप्स गटातली एक बुरशी मुंगीच्या शरीरात शिरते, तिला झाडावर ठराविक उंचीपर्यंत चढवते, पानाच्या शिरेला घट्ट चावायला लावते आणि मग तिच्या डोक्यातून उगवते. एक केसासारखा कृमी रातकिड्याला पाण्यात उडी घ्यायला लावतो, कारण कृमीला पुढचं आयुष्य पाण्यात काढायचं असतं. निसर्गात दुसऱ्याचं शरीर चालवणारे जीव आहेतच. मालिकेनं त्यात तंत्रज्ञान मिसळलं आणि बळी म्हणून मुंगीऐवजी पोर ठेवलं.

मग पट्टा उपटून का काढत नाहीत? कारण तो शरीरात अफूसारखं द्रव्य सोडत असतो. झटक्यात काढला तर मूल मरतं. डॉक्टर मॉर्फीन देऊन, पट्टा मुळाशी जाळून सोडवायची रीत शोधतात, तरी सगळी मुलं वाचत नाहीत. वाचतात त्यांच्या पाठीत काटे राहतातच. बेनच्या पाठीतही राहतात.

पहिल्या पर्वातला एक प्रसंग इथे नीट बघण्यासारखा आहे. हॅल एक मेलेला हार्नेस स्वतःच्या पाठीला बांधतो आणि मुलांच्या रांगेत मिसळून शत्रूच्या गोटात शिरतो. रात्र होते. मुलं जमिनीवर एकमेकांना बिलगून झोपतात, मध्ये स्किटर आडवा होतो आणि त्यांना जवळ ओढून घेतो, अंगावरून हात फिरवतो. हॅलला त्या कुशीत डोळे मिटून पडून राहावं लागतं. त्याला मारण्यापेक्षा ते गोंजारणं अंगावर काटा आणतं. शत्रू क्रूर असता तर गोष्ट सोपी होती. इथे तो आईची जागा घेऊन बसलाय.

त्याच्याच आसपासच्या एका भागात दुसरी बाजू दिसते. पलटणीनं एका मुलाला सोडवून नेलं, म्हणून शत्रू बाकीच्या मुलांना ओळीत उभं करून मारतो, आणि हॅलला ते बघायला लावून सोडून देतो. निरोप्या म्हणून. एक न्याल तर बाकीचे मरतील. स्वतःच्या मुलाला सोडवणं म्हणजे दुसऱ्याच्या मुलाचा जीव घेणं, असा हिशेब बापांच्या गळ्यात मारला, की ते एकमेकांकडेच संशयानं बघू लागतात.

बाप स्वतःहून शत्रूच्या जहाजात का चढला?

पहिल्या पर्वाच्या शेवटी टॉमला कुणी पकडत नाही, तो स्वतः चालत जातो. कॅरन ही एकेकाळी हॅलची मैत्रीण होती, आता हार्नेस बसवून एस्फेनींची वाचा झालीय. ती निरोप आणते : आमच्याशी बोल, नाहीतर बेन पुन्हा आमचा होईल. वीव्हर बघत राहतो आणि टॉम आत जातो.

बऱ्याच प्रेक्षकांना हा मूर्खपणा वाटला होता. मला तो वाटत नाही. बेन हाती लागला तर बाप येतो, हे शत्रूला कळून चुकलेलं आहे. टॉमनं नकार दिला असता, तर त्याच धमकीचा दुसरा वापर झाला असता, आणि तेव्हा कदाचित बेन जहाजात असता. त्यानं आपलं तारण बदलून दिलं : पोराऐवजी बाप. शिवाय पट्ट्याचा धोका मुलांना आहे, मोठ्यांना तो बसवत नाहीत, हेही त्याला माहीत होतं.

जहाजात त्याला जो प्रस्ताव मिळतो, तो तहासारखा दिसतो. माणसांसाठी एक राखीव इलाखा ठेवू, तिथे शांतपणे राहा, लढाई थांबवा. टॉम इतिहासाचा प्राध्यापक आहे. अमेरिकेत मूळ रहिवाशांना राखीव प्रदेशांत कोंबलं गेलं तेव्हा त्यांच्याशीही करारच झाले होते, आणि ते कसे पाळले गेले हे त्याला कुणी शिकवायला नको. तो नकार देतो, हल्ला करतो. मग कैद्यांना बाहेर काढून सोडून दिल्याचा देखावा होतो आणि टॉम वगळता सगळ्यांना मारून टाकतात. त्याला मुद्दाम जिवंत ठेवतात. पुन्हा निरोप्याच.

परत आलेला माणूस आपलाच कशावरून?

मला विचाराल तर मालिकेचा गाभा हा आहे, आणि दुसऱ्या पर्वाचे पहिले दोन भाग त्यासाठीच बघावेत. तीन महिन्यांनी टॉम परततो तो थेट चकमकीच्या मध्ये, आणि त्याला गोळी लागते ती बेनच्या बंदुकीची. शुद्धीवर येतो तर सगळे आनंदात आहेत आणि सगळे घाबरलेले आहेत. शत्रूनं याला सोडलं का? आत काय केलं असेल? पोप हा पलटणीतला बेरकी गुंड उघड म्हणतो, की हा माणूस धोका आहे. आणि टॉमलाही तेच वाटतं. तो स्वतःच म्हणतो, मला बांधून ठेवा. पुढे त्याच्या डोळ्यातून एक कृमी निघतो, म्हणजे संशय खोटा नव्हता.

माणूस सुटला तरी कैद त्याच्याबरोबर घरी येते, हे खऱ्या इतिहासात अनेकदा झालंय. कोरियन युद्ध १९५३मध्ये थांबलं तेव्हा २१ अमेरिकी युद्धकैद्यांनी मायदेशी परतायला नकार दिला. बाकीचे हजारो परतले, पण ‘यांची डोकी धुतली असतील’ ही शंका त्यांच्या मागे लागली. सोव्हिएत संघात याहून कठोर प्रकार होता. ऑगस्ट १९४१च्या २७० क्रमांकाच्या आदेशानं शरण जाणाऱ्या अधिकाऱ्यांना देशद्रोही ठरवलं, त्यांच्या कुटुंबीयांना अटक करायची मुभा दिली. स्टालिनचा स्वतःचा मुलगा याकोव्ह त्याआधी महिनाभर जर्मनांच्या हाती लागला होता. त्याच्या बायकोलाही तुरुंगात जावं लागलं. याकोव्ह १९४३मध्ये साक्सेनहाउसेन छावणीत मेला. युद्धानंतर जर्मन छावण्यांतून जिवंत परतलेल्या सोव्हिएत सैनिकांना आधी चौकशीच्या चाळणीतून जावं लागलं, आणि त्यातले कितीतरी पुढे आपल्याच देशाच्या श्रमछावण्यांत गेले.

मालिका हा संशय एकेक करून सगळ्या घरावर फिरवते. बेन पाठीतल्या काट्यांमुळे बंडखोर स्किटरांशी बोलू शकतो. होय, स्किटरांतही बंड आहे, ‘रेड आय’ नावाचा त्यांचा म्होरक्या आहे. बेन शेवटी त्यांच्याकडे निघून जातो, माणसांच्या बाजूनं लढायलाच, पण माणसांसोबत राहून नव्हे. हॅल आधी सगळ्यांवर नजर ठेवणारा, शहाणा थोरला. तिसऱ्या पर्वात कॅरननं अंगात सोडलेल्या कृमीमुळे तोच तिचा हस्तक होतो आणि बापावर बंदूक रोखतो. म्हणजे ज्या दोघांनी टॉमच्या परतण्याची वाट पाहिली, त्या दोघांच्याही बाबतीत टॉमला तोच प्रश्न पडतो, जो त्यांना त्याच्याबद्दल पडला होता.

तिसऱ्या पर्वातल्या दुसऱ्या कैदेचाही इथेच उल्लेख करायला हवा. टॉम झोपेतून उठतो तर घर जसंच्या तसं, रिबेका जिवंत, मुलं शाळेच्या गडबडीत. हल्ला झालेलाच नाही. सगळा कॅरननं त्याच्या डोक्यात उभा केलेला खेळ. माणसांचा पुढचा हल्ला कुठे होणार, हे त्याच्या तोंडून काढायचंय. छळ करून जे निघत नाही, ते घराची आठवण करून देऊन काढायचं.

कोठडी, कुंपण आणि शाळा

आता चौथं पर्व, जिथून गोंधळ सुरू झाला होता. चार्ल्सटन शहराकडे परतणाऱ्या पलटणीवर हल्ला होतो, सगळे पांगतात आणि गोष्ट चार महिने पुढे जाते. एस्फेनींनी माणसांना कुंपणं घालून वस्त्यांमध्ये डांबलंय. मालिका त्यांना ‘घेट्टो’ म्हणते, आणि संदर्भ लपवायचा प्रयत्नही करत नाही. नाझींनी वॉर्सॉचा घेट्टो नोव्हेंबर १९४०मध्ये भिंत घालून बंद केला होता. आत अन्न कमी, गर्दी जास्त, आणि बाहेर काय चाललंय याची खबर नाही. एप्रिल १९४३मध्ये तिथल्या लोकांनी उठाव केला, तेव्हा बहुतेकांना मृत्यूच्या छावण्यांत नेऊन झालं होतं.

टॉम पळून का जात नाही, याचं उत्तर त्या कुंपणात आहे. तो एकटा कदाचित निसटेल, पण आत हॅल आहे, वीव्हर आहे, शेकडो लोक आहेत. म्हणून रात्रीचा तो तोंड बांधलेला ‘घोस्ट’. शत्रूचं लक्ष त्या भुताकडे राहावं, आणि तोवर बाकीच्यांनी सुटकेची तयारी करावी. कोठडी हा त्याचा बचावच आहे : ज्याला सगळीकडे शोधतायत, तो त्यांच्याच कुलपाआड असेल असं कुणाच्या मनात येणार? पुढे धातूचा पोशाख घालून ते प्राणघातक कुंपण ओलांडायची युक्ती निघते. त्यामागे मायकेल फॅरेडेनं १८३६मध्ये दाखवलेलं तत्त्व आहे : चहूबाजूंनी धातूचं वेष्टन असलं तर विजेचा प्रवाह वेष्टनावरूनच जातो, आतल्याला लागत नाही. मालिकेतलं विज्ञान एरवी बेताचंच असतं. इथे निदान पाया खरा आहे.

मॅटची शाळा मात्र कोठडीपेक्षा भयंकर आहे. तिथे हार्नेस नाहीत. गणवेश आहेत, रांगा आहेत, घोषणा आहेत, आणि शिकवणारी माणसंच आहेत. एस्फेनी आपले मित्र, आईबापांना ते समजत नाही, तुम्ही समजावायला हवं, हा धडा. पट्टा बसवलेलं मूल निदान बघताक्षणी ओळखू येतं. मनानं बदललेलं मूल घरी येऊन जेवायला बसेल तरी कळणार नाही. जर्मनीत १९३६च्या कायद्यानं ‘हिटलर युवा’ ही सरकारी युवा संघटना ठरली आणि १९३९मध्ये तिथे जाणं सक्तीचं झालं, तेव्हा कित्येक घरांत आईबाप मुलांसमोर तोंड सांभाळून बोलू लागले. मॅट वरवर गुणी विद्यार्थी राहतो आणि आतून इतर मुलांना सावध करत जातो. बेनचं बळ त्याच्याकडे नाही, हॅलच्या हातातली बंदूक नाही. या तिघांत अवघड लढाई मला तरी त्याचीच वाटते.

मग सरळ मारून का टाकत नाहीत?

हा प्रश्न प्रेक्षक सगळ्यात जास्त विचारतात. टॉम मेसन वारंवार हाती लागतो आणि वारंवार निसटतो. एवढी अकलेची कमतरता एस्फेनींमध्ये आहे का?

अर्धं उत्तर असं की तो नायक आहे, मालिका त्याच्या नावावर चालते. ते मान्य करू, उगाच बचाव नको. पण उरलेलं अर्धं उत्तर खरं आहे. मेलेला पुढारी हुतात्मा होतो, आणि जिवंत, वाकलेला पुढारी आपल्या लोकांना वाकायला शिकवतो. म्हणून जहाजातला प्रस्ताव, म्हणून स्वप्नातलं घर. त्यातून घेट्टोतल्या मोठ्या माणसांना नुसतं डांबायचं नसतं, त्यांचंही रूपांतर करून नवे स्किटर बनवायचे असतात. कच्चा माल कुणी जाळत नाही.

माणसांच्या इतिहासातही पकडलेल्या शत्रूच्या घरच्यांना ठेवून घेण्यामागे हाच विचार दिसतो. २० जुलै १९४४ला हिटलरच्या हत्येचा कट फसला आणि क्लाउस फॉन स्टाउफेनबर्गला त्याच रात्री गोळी घातली. त्यानंतर त्याच्या गरोदर बायकोला अटक झाली आणि मुलांना बाड साक्सा इथल्या एका बालगृहात नेऊन त्यांना ‘माइस्टर’ हे वेगळं आडनाव देण्यात आलं. बाप आधीच मेला होता, त्याच्यावर दबाव आणायचा प्रश्नच नव्हता. दबाव होता तो अजून कट करू शकणाऱ्या बाकीच्या बापांवर. आणि मुलांकडून आडनाव काढून घेतलं, की उद्या सूड घ्यायला कुणाचा मुलगा म्हणून उभं राहायचं हेच पुसून जातं.

कायद्यानं याला बंदी आहे. १९४९च्या चौथ्या जिनेव्हा कराराचं ३४वं कलम एका ओळीचं आहे : ओलीस धरण्यास मनाई. दुसऱ्या महायुद्धात ती पद्धत इतकी सर्रास झाली होती, की त्यावर आडपडदा ठेवून लिहिण्याचं कारणच उरलं नव्हतं. अर्थात एस्फेनींनी त्यावर सही केलेली नाही.

आई कुठे आहे?

ही तक्रार रास्त आहे आणि मालिकेकडे तिला धड उत्तर नाही. रिबेका गोष्ट सुरू होण्याआधीच मेलेली, पुढे ती आठवणीत आणि भासांत येते. बापमुलांचा ताण हवा म्हणून आईला बाजूला सारायची ही पटकथाकारांची जुनी खोड आहे. चौथ्या पर्वात अ‍ॅन लेकीच्या शोधात स्वतःची तुकडी घेऊन फिरते, कठोर होते, चुका करते. तेवढ्यापुरती आईलाही बापाइतकी जागा मिळते.

ती लेक म्हणजे लेक्सी. टॉम आणि अ‍ॅनची मुलगी, पण तिच्यात एस्फेनींचा अंश घातलेला, त्यामुळे काही महिन्यांत तरुण झालेली आणि शत्रूशी तह होईल असं मनापासून मानणारी. या कथाभागाचं लेखन मला विस्कळित वाटतं. तिच्या अंगातल्या शक्ती पटकथेच्या सोयीनं वाढतात आणि कमी होतात. तरी भावंडांमध्ये ती एक रिकामी जागा भरते. हॅल, बेन, मॅट तिघेही शत्रूच्या हाती सापडले ते मनाविरुद्ध. लेक्सी एकटीच स्वतःच्या मतानं तिकडे गेली. ती परत येते तेव्हा पट्टा काढणं, कृमी काढणं असला कुठलाच इलाज बापाकडे नसतो. विश्वास ठेवायचा किंवा नाही ठेवायचा, एवढंच हाती. टॉम तिच्यासोबत चंद्रावरचं शत्रूचं ऊर्जाकेंद्र उडवायला निघतो आणि ते उडवताना ती स्वतःचा जीव देते.

हे सगळं अमेरिकेचं आत्मकौतुक नव्हे का?

आहेच, काही प्रमाणात. पलटणीचं नाव, मॅसॅच्युसेट्सची भूमी, एप्रिल १७७५मध्ये लेक्सिंग्टन आणि कॉन्कॉर्डला ब्रिटिश फौजेशी भिडलेले शेतकरी, हे सगळं टॉमच्या बोलण्यात सतत येत राहतं. लेकीचं नावही त्यातलंच वाटतं. सामान्य नागरिक बलाढ्य साम्राज्याला हरवतो, ही अमेरिकेची स्वतःबद्दलची लाडकी गोष्ट.

पण मालिका सुरू झाली तो जून २०११ होता. अमेरिकी फौजा तेव्हा इराकमध्ये होत्या, तिथून त्या डिसेंबरात निघाल्या. अफगाणिस्तानात तर पुढची दहा वर्षं राहिल्या. दर आठवड्याला त्याच देशातले प्रेक्षक आपल्या नायकांना रस्त्याकडेला दबा धरताना, स्फोटकं पेरताना, शत्रूच्या गस्ती उडवताना बघून टाळ्या वाजवत होते. आकाशात शत्रूची यानं, जमिनीवर यंत्रं, आणि शत्रूशी हातमिळवणी करणारे आपलेच काही लोक. इराकमधल्या एखाद्या घरातला बाप रात्रीच्या छाप्यात उचलून नेला गेला असेल, तर त्याच्या मुलांना या मालिकेत आपण कोणत्या बाजूला आहोत असं वाटलं असतं? टॉम इतिहासातली डझनभर उदाहरणं देतो, त्यात हे एक उदाहरण येत नाही.

बघायची असेल तर पहिलं पर्व पूर्ण बघा, दुसऱ्याचे पहिले दोन भाग अजिबात सोडू नका, तिसऱ्यातल्या राजकारणाचा कंटाळा आला तर पुढे सरका, आणि चौथ्याचे पहिले चार भाग सलग बघा. पाचवं पर्व घाईत गुंडाळलंय.